कारखाने न हलवता शहर स्वच्छ होतं का?

प्रश्न: मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करते. रोज नमुने तपासते आणि हाच प्रश्न छळतो. खरं उदाहरण आहे?

उत्तर १: जपानचं कीताक्युशू वाचा. पोलादाचं शहर. १९६०च्या दशकात दोकाई खाडीला ‘मृत समुद्र’ म्हणायचे. शहरातल्या तोबाता भागातल्या बायकांनी वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी तपासली, पुरावे घेऊन कंपन्या आणि पालिकेकडे गेल्या. पुढे खाडीतला पारायुक्त गाळ उपसला. मासे परतले! १९९७पासून तिथे पुनर्वापराच्या उद्योगांची वसाहतही आहे.

उत्तर २: पण गाळ उपसायच्या आधी कारखान्यांच्या नळ्यांतून येणारं विष थांबवावं लागतं. ते विसरू नका.

प्रश्नकर्ती: कपड्यांवरची काजळी... हे मोजमाप कुणालाही जमेल. उद्याच मैत्रिणींना सांगते.