किडनी फेल, प्लेटलेट काउंट नॉर्मल, मग रक्त का थांबत नाही?

शंकासूर: भावाचं डायलिसिस चालू आहे. प्लेटलेट काउंट १ लाख ९० हजार, म्हणजे नॉर्मलच ना? पण ब्रश केला की हिरड्यांतून रक्त, फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातात धमनी-शीर जोडून केलेली जागा) सुई काढली की कितीतरी वेळ दाबून बसावं लागतं. हे युरियामुळे होतं का?

लॅबवाला: काउंट म्हणजे नुसती हजेरी, काम कोण करतंय ते त्यात कळत नाही. सगळे युरियावर खापर फोडतात पण युरियाचा आकडा आणि रक्तस्राव यांचा मेळ फारसा बसत नाही. खरा संशय किडनी बिघडल्यावर रक्तात साठणाऱ्या ग्वानिडिनोसक्सिनिक ॲसिड आणि फिनॉलिक ॲसिड या टाकाऊ पदार्थांवर आहे. पहिल्यामुळे नायट्रिक ऑक्साइड वाढतं, ते प्लेटलेटच्या आत सायक्लिक जीएमपी (पेशीतला निरोप पोचवणारा रेणू) वाढवतं आणि मग प्लेटलेट सुस्तावते. एकमेकींना धरायला फायब्रिनोजेन (रक्तातलं एक प्रोटीन) लागतं, ते पकडणारा तिच्यावरचा रिसेप्टर नीट उघडत नाही, आतल्या साठ्यात एडीपी आणि सेरोटोनिनही कमी, त्यामुळे बाकीच्यांना हाक मारायची तीही जेमतेम.

मधुरा_के: हिमोग्लोबिन किती आहे ते बघा आधी!! लाल पेशी प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात, ॲनिमिया असला की प्लेटलेट मधूनच वाहत जातात, भिंतीला चिकटणार कशा. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ३० टक्क्यांच्या आसपास आणलं की बऱ्याच जणांना फरक पडतो.

शंकासूर: हिमोग्लोबिन ७.८ आहे 😟 मग प्लेटलेटच चढवल्या तर?

लॅबवाला: उपयोग नाही, नव्या प्लेटलेट पण त्याच रक्तात जाणार आणि थोड्या वेळात तशाच होणार. ऑपरेशन वगैरे असेल तर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध देतात, तासाभरात लागू पडतं, पण ४ ते ८ तासच टिकतं आणि परत परत दिलं की असर कमी होतो. रोजचा उपाय म्हणजे नीट डायलिसिस, त्यानेही पूर्ण सुधारत नाही हे खरंय. अंगदुखीला मनाने ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको.

मधुरा_के: आणि याच पेशंटना गुठळ्याही होतात बरं का, इंडॉक्सिल सल्फेट हा साठणारा दुसरा टाकाऊ पदार्थ उलट त्या बाजूला ढकलतो आणि प्रोटीनला चिकटून असल्यामुळे डायलिसिसमध्ये नीट निघत नाही. विचित्रच प्रकार आहे.

सुईदोरा: फिस्टुलाचं मात्र वेगळं बघा. सुईच्या जागी हल्लीच जास्त वेळ लागायला लागला असेल तर हेपरिनचा (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) डोस जास्त होत असेल किंवा फिस्टुलाची शीर पुढे अरुंद झाली असेल, दाब वाढला की रक्त थांबत नाही. पुढच्या सेशनला टेक्निशियनला व्हीनस प्रेशर (मशीनवर दिसणारा, रक्त शरीरात परत जातानाचा दाब) विचारा आणि गरज वाटली तर डॉक्टर डॉपलर (शिरेतला प्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घेतील.