विषय: ठाण्यात मुलीसाठी जुनी गाडी, सल्ला हवा आहे

प्रेषक: शिरीष, रेडिंग (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या दिवाळीच्या हॉलच्या हिशोबात हा मेल हरवू नये म्हणून विषय वेगळा घातलाय.

आमची धाकटी, मुक्ता, ऐरोलीला नोकरीत रुजू झाली. राहते नौपाड्यात, माझ्या आईकडे. कामाची वेळ इथल्या, इंग्लंडच्या घड्याळाप्रमाणे, त्यामुळे सुटायला रात्रीचे साडेबारा-एक वाजतात. आता तिला स्वतःची गाडी हवी आहे. वय २३, इथलं लायसन्स दोन वर्षांचं. ठाण्यात चालवल्याचा अनुभव म्हणाल तर मे महिन्यात मामाची गाडी उपवनपर्यंत नेली होती, मामा शेजारी रामरक्षा म्हणत होता.

बजेट साडेपाच लाख. आईच्याच बिल्डिंगमधले एक काका २०१३ ची होंडा सिटी, पेट्रोल, साडेतीन लाखांना द्यायला तयार आहेत. "फक्त २८ हजार चाललीय, घरची गाडी, डोळे मिटून घ्या." आईला ती पसंत आहे, कारण काका सज्जन आहेत.

इकडे गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास मायलेजसकट, फुकट दिसतो. तिकडे तसं काही असतं का? आणि इतक्या लांबून मी नक्की काय बघू?

शिरीष

---

प्रेषक: अण्णा, लेस्टर

गाडी कशाला? ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची. पूर्वी ऐरोली पहिलंच स्टेशन होतं, आता मध्ये दिघा गाव झालंय, तरी दहा-बारा मिनिटं. आम्ही कळव्याला उभ्याने लटकून दिवस काढले.

(मंडळाची वर्गणी १७ जणांची बाकी आहे. नावं घेत नाही.)

अण्णा

---

प्रेषक: बापूकाका, ठाणे

अण्णा, पोरगी रात्री एकला सुटते. त्या वेळी तू लटकायचास का?

शिरीष, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. खासगी गाडीला इथे पहिली १५ वर्षं तपासणीसाठी आरटीओचं तोंड बघावं लागत नाही. पीयूसी काढायची, विमा भरायचा, संपलं. पीयूसीवाला धूर बघतो, ब्रेक बघत नाही. तिकडे एमओटी जे काम करते ते इथे आपल्याच डोळ्यांनी करायचं, आणि समोरचा डोळे मिटा म्हणाला तर जरा जास्तच ताणून.

म्हणून काल तुझ्या आईकडे जाऊन आलो. पोहे खाल्ले, गाडी बघितली. मीटर २८ हजार दाखवतो. बारा वर्षांत एवढंच, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार फक्त. पण क्लचच्या पेडलचं रबर असं गुळगुळीत झालंय की त्यावरच्या रेघा बोटाला लागत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलीय. मग टायरपाशी वाकलो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर १९१६, म्हणजे २०१६ चा एकोणिसावा आठवडा. गाडी २०१३ ची. तीन वर्षांत कंपनीचे चारही टायर झिजून बदलायची वेळ आली असेल, तर तेव्हाच चाळीसएक हजार झाले असणार. काकांना मी खोटं म्हणत नाही. ते दुसरे मालक, त्यांच्याकडे येण्याआधीच कुणीतरी मीटर मागे फिरवला असेल. मुक्ताला म्हटलंय, अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन कर, नंबर सांग आणि प्रत्येक सर्व्हिसला मीटर किती होता ते विचार. मालकच सोबत असला तर सहसा सांगतात.

त्यात आणखी दोन गोष्टी. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे ती फुगवणाऱ्या भागात, दोष निघाला तेव्हा होंडाने भारतातही २०१३ सालच्या काही सिटी परत बोलावल्या होत्या. ते काम या गाडीवर झालंय का, हे चॅसी नंबर देऊन विचारता येतं. जुनी एअरबॅग गाडीत ठेवून २३ वर्षांच्या मुलीला स्टिअरिंगमागे बसवू नये. दुसरं म्हणजे २०२८ ला गाडीची १५ वर्षं भरतात. मग फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. तीन वर्षांसाठी साडेतीन लाख कोण देतं?

माझं म्हणणं एवढंच की नव्या ड्रायव्हरला मोठी नाही, अलीकडची गाडी द्या. भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा आवाज आणि रिव्हर्स सेन्सर आले. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून सगळ्यांना. २०१३ ची चकचकीत सिटी आणि २०२० ची साधी हॅचबॅक यांत मी हॅचबॅकच उचलेन. नौपाड्याच्या गल्ल्या आठवतायत ना? सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला. चार मीटरच्या आतली गाडीच तिथे सुखाने लागते.

नाव विचारशील तर टाटा टियागो. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला ४ तारे दिले. स्विफ्टला २०१८ मध्ये २ मिळाले होते, वॅगनआरला २०१९ मध्ये २. स्विफ्ट विकायला सोपी आणि वॅगनआर आजीला चढायला सोपी, हे मान्य. पण ज्याच्या हातून पहिलं वर्ष ठोकाठोकी होणार, त्याच्यासाठी मी तारे मोजेन. टियागोचं इंजिन तीन सिलिंडरचं, सिग्नलला थरथरतं. तो बिघाड नाही.

आता माझी स्वतःची फजिती. मी तिकडून परत आलो तेव्हा भाच्यासाठी एका डीलरकडून गाडी घेतली. नाव सांगत नाही. आतून अत्तरासारखा वास, सीटकव्हर नवीकोरी, मी खूश. पहिल्या पावसात काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. मेकॅनिकने ड्रायव्हरची सीट सोडवून कार्पेट उचललं, तर खाली वाळलेल्या चिखलाची पापडी आणि सीटच्या रुळात गंजून चिकटलेलं दोन रुपयांचं नाणं. गाडी बदलापूरची निघाली. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्या पुरातली. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत बसलो की आधी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढतो. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली की चहा न घेता निघायचं.

मुक्ता, गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आधी सांग, इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लाव. गरम असेल तर त्याने आधीच चालवलीय, आणि थंड इंजिन जे बोलतं ते गरम बोलत नाही. बोनेटच्या बिजागरांच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघ, उडाला असेल तर बोनेट कधीतरी उतरलंय. दाराचं रबर ओढून आतल्या पत्र्यावर वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का बघ. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर का ते विचार.

रविवारी मला घेऊन जा. फी म्हणून मिसळ.

बापूकाका

---

प्रेषक: मुक्ता

बाबांनी मला लिस्टवर घातलंय, त्यामुळे आता मला स्वतःच्याच लग्नाच्या बैठकीला बसल्यासारखं वाटतंय.

सर्व्हिस सेंटरला काकांना घेऊनच गेले. २०१७ च्या सर्व्हिसला त्या सिटीचा मीटर ६१ हजार होता. काका खरंच पांढरे पडले. त्यांनी ती "कमी चाललेली" म्हणून जास्त पैसे देऊन घेतली होती. आजी आता त्यांना रोज ताक पाठवते.

दोन प्रश्न. कळवा पुलावर आणि विटाव्याला क्लच दाबून माझा पाय बधिर होतो, मग एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) घेऊ का? आणि ऑफिसातले सगळे सीएनजी घे म्हणतात.

---

प्रेषक: वर्षा, नेरूळ

मुक्ता, मी चार वर्षं एएमटी चालवतेय, नेरूळ ते ठाणे. घे, पण एक समजून घे: आत क्लच मॅन्युअलचाच असतो, फक्त पाय तुझा नसून यंत्राचा. चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवलीस की तो क्लच जळतो. चालवून बघताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसका बसतोय का बघ. थोडा बसणारच. मान हलली तर नको.

सीएनजीत डिकी जाते, आणि तुझी आजी सोबत असेल तर डिकी लागते. कंपनीचं किट असेल तर ठीक. बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद हवी, आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. तुझं रनिंग रोजचं वीस-पंचवीस किलोमीटर. पेट्रोलच घे.

कागदांचं मी सांगते, कारण त्यात मी पोळलेय. आरसीवर कर्जाची नोंद, म्हणजे हायपोथिकेशन, आहे का ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर दिसतं. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि ती नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय रुपयाही द्यायचा नाही. "हप्ते संपलेत, कागद येतील" हे वाक्य मी आठ महिने ऐकलं. ई-चलनं तपास, पाम बीच रोडवर कॅमेऱ्यांनी कुणालाच सोडलेलं नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मुदत तुला ३० दिवसांची, विकणाऱ्याला १४. विम्यावर तुझं नाव १४ दिवसांत चढव, नाहीतर उद्या तुझ्या गाडीला काही झालं तर भरपाईला कंपनी वाद घालेल. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, तो तुला मिळेल असं सांगून किंमत वाढवली तर हस.

एमएच-०४ (ठाणे) की एमएच-४३ (नवी मुंबई) याची चिंता नको, राज्य एकच, नंबर तोच राहतो. परराज्यातली स्वस्त गाडी मात्र नको. एनओसी, नव्याने रोड टॅक्स, नवा नंबर, सगळं तुझ्या माथी. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी, बसवलीय का तेही बघ.

शिरीष, तिकडे तरुण ड्रायव्हरचा विमा गाडीच्या किमतीला भिडतो, तशी धास्ती इथे नको. थर्ड पार्टीचा हप्ता वयावर नाही, इंजिनच्या सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये ठरलेला दर ३,४१६ रुपये. पण तिचा इंटरनॅशनल परमिट एका वर्षाचा असतो. इथलं लायसन्स आत्ताच काढायला घे, पावसाळ्यावर ढकलू नकोस.

वर्षा

---

प्रेषक: मुक्ता

तीन गाड्या बघितल्या.

पहिलीचं बोनेट आम्ही पोचलो तेव्हा तव्यासारखं तापलेलं. बापूकाका गाडीतून उतरलेच नाहीत. दुसरीचा सीटबेल्ट त्यांनी ओढला, ओढला, आणि काही न बोलता सोडून दिला. डीलर चहा मागवत होता.

तिसरी बेलापूरची. २०२१ ची टियागो एएमटी, एकच मालक, ३४ हजार, सगळ्या सर्व्हिस एकाच सेंटरला, काचा सगळ्या एका वर्षाच्या. पारसिक हिलच्या चढावर मधेच थांबवून परत उचलायला लावली. एक हिसका, पण मान जागेवर. खड्ड्यात पुढून डावीकडे टकटक येते. बापूकाकांनी खाली वाकून हात घातला आणि सस्पेन्शनचा लिंक रॉड म्हणाले. मालकाने त्यावर आठ हजार कमी केले. किंमत आता पाच लाख दहा.

आजीची परीक्षा वेगळी होती. तिने मागचं दार उघडलं, बसली, उतरली, पुन्हा बसली. गुडघा दुखला नाही. काठी दारात अडकली, तर म्हणाली काठी पुढे मुक्ताजवळ राहील.

आरसीवर कर्जाची नोंद अजून आहे. मालक म्हणतात हप्ते मार्चमध्येच संपले, कागद येतील. वर्षाताई, मी हसले नाही, पण टोकनही दिलं नाही. मंगळवारी त्यांच्याबरोबर बँकेत जातेय. फॉर्म ३५ बघितल्यावर फोन करते. बाबा, तोवर पैसे पाठवू नका.

मुक्ता