प्रतिसाद: दुपारीच जा!

मोठ्या, महागड्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीऐवजी दुपारी जेवायला गेलं तर अर्धाच अनुभव मिळतो, असं जे म्हटलंय, ते काही पटलं नाही. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर तेच असतं, कोर्स तेवढे कमी आणि बिल बरंच हलकं. मिशलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तारे १९२६ पासून दिले जातात, तेही फक्त ताटातल्या पदार्थांसाठी. झुंबरं आणि मखमली खुर्च्या त्यात मोजत नाहीत, मग रात्रीच्या झगमगाटाची एवढी मातब्बरी कशाला? शिवाय लांबलचक टेस्टिंग मेन्यू (एकामागून एक येणारे छोटे छोटे पदार्थ) रात्री उशिरा संपवून झोपायचं म्हणजे शिक्षाच (निदान माझ्या पोटाला तरी).

मात्र शेफचा खास मेन्यू दुपारी मिळतो का, ते आधी विचारा. काही ठिकाणी तो रात्रीच असतो. अ‍ॅलर्जी किंवा पथ्य असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी बदल करणं त्यांना जड जातं.