मदत हवी आहे: स्ट्रेच (फिकट भाग उजळवणं) केलं की एम५१ च्या भुजांमधलं डिटेल जातंय

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे एकाच फोटोवर अडकलोय. डेटा बरा आहे असं मला मनापासून वाटतं, पण फोटोत तो दिसत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो, पोस्ट लांबली तर समजून घ्या.

टार्गेट एम५१, व्हर्लपूल गॅलेक्सी, सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला जो मरीची आहे त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर. ८ इंची न्यूटोनियन एफ/५, फोकल लेंथ १००० मिमी, कोमा करेक्टर, कूल्ड कलर कॅमेरा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद पडतात. १८० सेकंदांचे ८० सब्ज (सुटे फोटो), एकूण ४ तास. डार्क्स, फ्लॅट्स, बायस (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष काढायचे फोटो) तिन्ही घेतलेत. स्टॅकिंग (सगळे सब्ज एकत्र करणं) आणि पुढचं बरंचसं सिरिल सॉफ्टवेअरमध्ये, स्टार काढायला स्टारनेट, शेवटचा हात जिम्पमध्ये.

आता प्रॉब्लेम. स्टॅक झालेली लिनियर (अजून स्ट्रेच न केलेली) फाइल उघडून सिरिलचा डिस्प्ले लिनियर ठेवला की सगळं काळं दिसतं, फक्त मधे गॅलेक्सीचा गाभा असतो, पण त्या गाभ्यात झूम केलं की धुळीची बारीक काळी रेघ स्पष्ट दिसते. डिस्प्ले ऑटोस्ट्रेचवर नेला की भुजा येतात, शेजारच्या एनजीसी ५१९५ गॅलेक्सीकडे जाणारा पूल येतो, भुजेच्या कडेने ते गुलाबी मणी ओवल्यासारखे दिसतात तेही येतात, पण गाभा पांढरा गोळा होऊन जातो. म्हणजे दोन्ही गोष्टी फाइलमध्ये आहेत, हे मी डोळ्यांनी बघतोय. पण खरोखर स्ट्रेच करायला गेलो की एक धरावं तर दुसरं सुटतं. गाभा वाचवला तर भुजा राखेसारख्या करड्या, भुजा वर काढल्या तर गाभा जळतो.

मी काय काय केलं ते सांगतो. आधी बॅकग्राउंड काढला, मग कलर कॅलिब्रेशन, मग हिस्टोग्रामने एकदाच जोरात स्ट्रेच, मग डिनॉइज, मग सगळं मऊ मऊ वाटलं म्हणून डीकॉन्व्होल्यूशन (धूसरपणा उलटवून धार आणणं), आणि तिथेच नवीन दुखणं सुरू झालं, प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती काजळ घातल्यासारखं काळं कडं आलं. २०० टक्क्यांवर बघितलं तर भुजेतले मणी गोल राहिलेच नाहीत, सगळ्यांचे किडे झालेत. जिम्पमध्ये क्लॅरिटी वाढवली तर अजून बिघडलं. आणखी एक, एनजीसी ५१९५ च्या पलीकडे जो फिकट धुरकट पसारा असतो तो माझ्या फोटोत सरळ कापल्यासारखा संपतो, ते का होतंय कळत नाही.

तर विचारायचं हे की माझा क्रम चुकतोय, का ४ तासांत एवढंच मिळतं? सिरिलच्या डायनॅमिक पीएसएफ टूलमध्ये ताऱ्यांचा एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी) ३.४ आर्कसेकंद येतोय.

प्रतिसाद:

क्रमच चुकतोय, आणि डेटा खरंच चांगला आहे, त्यामुळे काळजी नको. सगळ्यात आधी डीकॉन्व्होल्यूशन. त्यातली रिचर्डसन-ल्युसी पद्धत हे गृहीत धरून चालते की पिक्सेलचा आकडा म्हणजे आलेला प्रकाश, सरळ प्रमाणात. स्ट्रेच केलं की ते प्रमाण मोडतं, वर तुम्ही डिनॉइज आधी केलंय, मग ते बिचारं डिनॉइजने उरवलेल्या डागांनाच डिटेल समजून टोकदार करतं, तुमचे किडे तिथून आले. लिनियर फाइलवर करा, पीएसएफ (ताऱ्याचा प्रकाश कसा पसरतो त्याचा नमुना) ताऱ्यांवरून बनवून सेव्ह करा, मग तारे काढून टाका आणि तोच पीएसएफ स्टारलेस इमेजवर वापरा, म्हणजे ज्यांच्याभोवती कडं पडायचं ते तारेच तिथे नसतील. इटरेशन्स (फेऱ्या) कमी ठेवा, दहाबारावर थांबून बघा. तुमचा तारा ४ पिक्सेलपेक्षा थोडा मोठा आहे, तेव्हा सुधारणेला जागा आहे पण चमत्काराला नाही.

स्ट्रेच एका दमात करू नका. जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच घ्या, सिमेट्री पॉइंट (ज्या ब्राइटनेसला स्ट्रेच सगळ्यात जास्त लागतो तो) बाहेरच्या फिकट भुजेवर सिलेक्शन करून तिथून उचला, आणि हायलाइट प्रोटेक्शन खाली आणा, म्हणजे गाभ्यातला कॉन्ट्रास्ट दाबला जात नाही. तीन-चार छोट्या पायऱ्यांत चढा. तरी गाभा हातात येत नसेल तर त्याच लिनियर फाइलचे दोन स्ट्रेच करा, एक भुजांसाठी, एक हलका गाभ्यासाठी, आणि जिम्पमध्ये ब्राइटनेसचाच मास्क धूसर करून हलका स्ट्रेच वर ठेवा. मला स्वतःला हीच पद्धत आवडते, कारण काय कुठून आलं ते हातात राहतं. वेव्हलेट्स (डिटेल आकारानुसार लेयर्समध्ये वेगळं करून वाढवणं) त्यानंतर, तेही फक्त दुसऱ्या-तिसऱ्या लेयरला. पहिल्या लेयरमध्ये जवळजवळ सगळा नॉइजच असतो, त्याला वाढवू नका.

आणि तो कापलेला पसारा, तो बॅकग्राउंड काढतानाच गेलाय. बॅकग्राउंड मोजायचे सॅम्पलचे ठिपके आपोआप पडले असतील तर त्यातले काही गॅलेक्सीच्या धुरकट भागावर बसलेले असणार, मग सॉफ्टवेअर त्यालाच ग्रेडियंट (आकाशाचा असमान उजेड) समजून वजा करतं. गॅलेक्सीच्या आकाराच्या दुप्पट वर्तुळात एकही ठिपका ठेवू नका, आणि पॉलिनॉमियल पहिल्या डिग्रीचाच वापरा.

मूळ लेखक:

खूप खूप आभार, एवढं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. काल रात्री लिनियर फाइलपासून पुन्हा सुरू केलं. ठिपके तपासले तर खरंच, तीन ठिपके बरोब्बर ५१९५ च्या कडेला बसले होते! ते काढल्यावर पसारा परत आला, अगदी फिकट, पण आला. काळी कडी पूर्ण गेली. दोन स्ट्रेचवाली पद्धत केली, गाभा आता पिवळसर राहतो आणि ती धुळीची रेघ आतून बाहेर भुजेपर्यंत सलग जाताना दिसते, ते बघून किती वेळ नुसता बसून होतो.

अजून एक अडतंय. भुजा वर काढल्या की बॅकग्राउंडला हिरवे-जांभळे ढगासारखे डाग येतात, आणि ते तिरके, एकाच दिशेला ओढल्यासारखे आहेत. मी डिथर (सब्जच्या मधे फ्रेम थोडी सरकवणं) केलं नव्हतं, त्याचंच असेल का?

प्रतिसाद:

त्याचंच. सब्जमध्ये माउंट हळूहळू सरकतो, सेन्सरचा ठरावीक नॉइज मात्र जागेवरच राहतो, मग अलाइन केलं की तो रेघारेघांनी ओढला जातो. आत्ताच्या फाइलमध्ये रंगाचा डिनॉइज लावा, तोही डीकॉन्व्होल्यूशननंतर, पण पुरा जाणार नाही. पुढच्या वेळी दर दोन-तीन सब्जनंतर डिथर ठेवा. आणि वेळ वाढवा, ४ चे १६ तास झाले तर सिग्नल-टू-नॉइज दुप्पट होतो, फिकट पसाऱ्याला दुसरं औषध नाही.

मूळ लेखक:

ठीक, या अमावस्येला परत एम५१ च लावतो. मधे कॅमेरा काढला होता, त्यामुळे अँगल बदललाय. जुने ८० सब्ज त्यांच्या जुन्या फ्लॅट्सनी आणि नवीन त्यांच्या नव्या फ्लॅट्सनी वेगवेगळे कॅलिब्रेट करून मग एकत्र अलाइन आणि स्टॅक केले तर चालेल ना, का जुने सोडूनच द्यावेत?