माडीवरच्या खुर्च्यांवरचा ऑइलपेंट कसा काढावा? आणि त्यांचं वय किती?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या गावच्या घराची आवराआवर चालू आहे. पणजोबांची कापसाची अडत होती. खाली बैठकीत गादी, लोड आणि मुनीमजींचं उतरत्या फळीचं बुटकं डेस्क. माडीवर मात्र साहेबी थाट: हंड्या, मोठा आरसा, रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वती आणि सहा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. गिऱ्हाईक खाली मांडी घालून बसायचं. खुर्च्या झटकल्या जायच्या त्या मामलेदार आले तरच, असं आजी सांगायची.

अडलंय ते या खुर्च्यांपाशी. कधीतरी दिवाळीत कुणीतरी त्यांना चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय. काकांच्या मते त्या अमेरिकेतल्या यादवीच्या (१८६१-६५) कापूसतेजीतल्या. अशा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करणाऱ्या व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ची, म्हणून मीही मान डोलावली. पण एक उलटी केली तर बैठकीच्या कडेला आतून कागदी चिठ्ठी! अर्धी फाटलेली, पण 'चेकोस्लोव्हाकिया' शाबूत. तो देशच १९१८चा. काकांना अजून सांगितलेलं नाही.

चार खुर्च्यांच्या कडेला वेत ओवायची भोकं आहेत, दोघींना नक्षी दाबलेली प्लायवूडची बैठक. सगळ्या एका खेपेच्या असतील का? आणि रंग कसा काढू? इथला सुतार 'कॉस्टिक सोड्यात बुडवून देतो' म्हणतोय.

प्रतिसाद १:
बुडवू देऊ नका हो! सांध्यांचं सरस सुटेल, बीचच्या लाकडाचे रेषे उठतील. पेंट रिमूव्हर ब्रशने वीतभर भागावर लावा आणि लाकडी पट्टीने खरवडा. काम उघड्यावर करा, हातमोजे घाला. खाली जुनं पॉलिश लागलं तर फडक्यावर स्पिरिट घेऊन घासा. चिकट झालं तर ते लाखेचं. चिठ्ठीचा फोटो आधी काढा, तिच्या आसपास काही लावू नका. भोकं आहेत म्हणजे वेत हातानेच विणायचा. तयार जाळीला कडेने खाच लागते.

प्रतिसाद २:
चिठ्ठी त्या एकाच खुर्चीची साक्ष देते. थोनेटच्या पेटंटची मुदत १८६९मध्ये संपली, मग 'कोन' (Kohn) कंपनीसारखे इतर कारखानेही असाच माल काढू लागले. बाकीच्या पाचही उलट्या करून पाहा.

धागाकर्ता:
केल्या. तिघींवर काहीच नाही, एकीवर रंगाखाली पुसट शिक्का आहे, वाचता येत नाही. पाचवीवर 'ऑस्ट्रिया' दिसतंय. काकांना सध्या तेवढंच दाखवलंय.