टाइमआउट वाढवून काम भागणार नाही

भावा, तू लिहिलंयस की गुळाच्या सौद्याचे भाव वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी लाइन) दाखवणारं पान एन्जिनएक्स प्रॉक्सीमागे (मधला मध्यस्थ सर्व्हर) मिनिटभरात गप्प होतं, आणि वरच्या उत्तरात एका दादांनी टाइमआउट (लाइन शांत राहिली तर किती वेळाने तोडायची ती मर्यादा) थेट एक दिवसाचा करायला सांगितलाय. तसं करू नकोस. मेलेली कनेक्शनंही दिवसभर लटकत राहतील.

मुळात तुझ्याकडे १०१ उत्तर (वेबसॉकेट सुरू झाल्याची सर्व्हरची खूण) येतंय, म्हणजे अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन्ही हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचना) मागच्या सर्व्हरपर्यंत नीट पोचतायत. (ते आपोआप पुढे जात नाहीत, एन्जिनएक्समध्ये मुद्दाम लिहावे लागतात, जुन्या आवृत्त्यांत एचटीटीपी १.१ सकट.) अडचण पुढची आहे. प्रॉक्सी रीड टाइमआउट मुळातच ६० सेकंदांचा असतो, आणि तो मोजला जातो मागच्या सर्व्हरकडून आलेल्या दोन वाचनांमध्ये. मार्केट यार्डात एका अडत्याचे रवे संपून सौदा पुढच्या दुकानात सरकेपर्यंत भाव येतच नाही, ६० सेकंद उलटतात, लाइन कट! तेव्हा बॅकएंडमधूनच (त्या मागच्या सर्व्हरवरून) दर ३० सेकंदांनी पिंग फ्रेम ('आहेस का?' विचारणारा छोटा संदेश) सोड. घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. ब्राउझर पाँग (पिंगचं उत्तर) स्वतःच देतो, पानात काही लिहायला नको.

एन्जिनएक्सऐवजी अपाची सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी: आवृत्ती २.४.४७ पासून वेबसॉकेट पुढे नेणाऱ्या डब्ल्यूएसटनेल मॉड्यूलची गरज उरलेली नाही, प्रॉक्सीपासच्या ओळीत अपग्रेड=वेबसॉकेट पुरतं. फक्त वेबसॉकेटच्या पाथची ओळ नुसत्या स्लॅशच्या ओळीच्या वर ठेवा, कारण पहिली जुळलेली ओळच लागू होते.

आणि पानात रीकनेक्टचा (लाइन तुटली की पुन्हा जोडण्याचा) कोड हवाच. फोनची रेंज काय आपल्या हातात नाही.