सोमवारची संध्याकाळ आणि दिवाळीचे फोव

प्रश्न : तिघांची आई, फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात सासरच्या घरी राहते. मला सात वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि वीस महिन्यांचे शेंडेफळ आहे. नोकरीनिमित्त बंगळुरूला असताना मी आणि माझे पती, दोघांनीही चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. लोक आम्हांला मॉर्मन म्हणतात. २०१८ पासून चर्चने पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे. पण ते सांगून होईपर्यंत विचारणारा पुढे निघून गेलेला असतो, म्हणून येथे मीही मॉर्मनच लिहिते. सासूबाई आमच्यासोबत राहतात. त्यांचे देवघर, तुळशीवृंदावन आणि सणवार त्यांच्या पद्धतीने चालतात, आणि त्यात आम्ही कधी ढवळाढवळ केलेली नाही.

माझी अडचण ऋतूची आहे. जून ते ऑगस्ट पावसामुळे सगळे घरातच असतात, त्यामुळे दिवसाची घडी आपोआप बसते. रात्री जेवणानंतर शास्त्रवाचनाची दहा मिनिटे, सोमवारी कौटुंबिक संध्याकाळ, म्हणजे एक गीत, एक गोष्ट, एखादा खेळ आणि काहीतरी गोड, आणि रविवारी सभा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की ही घडी मोडते. गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवून होते न होते तोच पितृपक्षातले म्हाळ येतात, मग नवरात्रात देवळातले झुलणारे सजवलेले मखर पाहायला आजीबरोबर रात्री जायचे असते, पुढे वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा, दिवाळी, आणि शेवटी तुळशीचे लग्न. गेल्या वर्षी या सगळ्या काळात आमच्या दोनच सोमवार-संध्याकाळी पार पडल्या, आणि त्यांतल्या एकीला धाकटा तापाने फणफणला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी-रविवारी जनरल कॉन्फरन्स, म्हणजे साऱ्या चर्चची परिषदही असते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत सकाळी दहाला सुरू होणारे सत्र आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते आणि दुपारी दोनचे सत्र रात्री दीड वाजता. गेल्या वेळी मी हट्टाने मुलांना साडेनऊच्या सत्राला बसवले. दहाव्या मिनिटाला धाकटा रडू लागला, मधला सोफ्याखाली शिरला आणि मुलगी शांतपणे झोपी गेली. त्याच सुमारास मुलांच्या प्रायमरी वर्गाचा वार्षिक कार्यक्रम असतो. सभेत उभे राहून तिला दोन वाक्ये म्हणायची असतात आणि त्यांचा सराव नरकासुराच्या ध्वनिक्षेपकाशी स्पर्धा करीत करावा लागतो.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलीला आठ वर्षे पूर्ण होतील आणि आमच्याकडे बाप्तिस्मा त्या वयात होतो. तिने तो समजून घ्यावा, माझ्या भीतीपोटी किंवा सवयीपोटी नव्हे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी घरात निवांत बसून बोलायला हवे, आणि नेमका तोच निवांतपणा या तीन महिन्यांत हाती लागत नाही. आजीच्या दिवाळीतून मुलांना ओढून काढणे मला मान्य नाही. मग कोणता नियम धरून ठेवावा आणि कोणता सैल सोडावा? ज्यांनी दोन पद्धतींच्या घरात लहान मुले वाढवली आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

उत्तर १ : निवृत्त सिस्टर, मडगाव

तुम्ही लिहिलेले सगळे मी पंचवीस वर्षांपूर्वी भोगले आहे. फरक इतकाच की तेव्हा कॉन्फरन्स पाहण्यासाठी ध्वनिचित्रफीत पोहोचण्याची वाट पाहावी लागे, आणि ती येईपर्यंत नाताळ उजाडत असे. त्यामुळे रात्री दीडला डोळे ताणून बसण्याचा मोह आम्हांला झालाच नाही. तुम्हीही तो सोडा. सगळी भाषणे नंतर संकेतस्थळावर मिळतात आणि बहुतेक भाषणे दहा-पंधरा मिनिटांचीच असतात. सकाळी डबे भरताना एक, पोळ्या लाटताना एक, असे ऐकत गेलात तर दिवाळीपर्यंत बरेचसे ऐकून होते. मुलांना मात्र त्यातले एकच निवडून द्या, ज्यात एखादी गोष्ट किंवा प्रसंग असेल असे, आणि ते तुमच्या मराठीत सांगा. माझ्या मुलांना कोण वक्ता काय बोलला हे आज आठवत नाही, पण मी पोळीचे पीठ मळताना सांगितलेल्या दोन गोष्टी आठवतात.

सोमवारचे म्हणाल, तर कौटुंबिक संध्याकाळ पाळण्याचे आवाहन १९१५ साली जोसेफ एफ. स्मिथ चर्चचे अध्यक्ष असताना झाले. सोमवार हा वार सगळीकडे राखून ठेवला गेला तो १९७० मध्ये. म्हणजे मधली पंचावन्न वर्षे लोक आपापल्या सोयीने बसतच होते. सोमवार राखण्यामागचा हेतूही असा की त्या संध्याकाळी चर्चने स्वतःचे कार्यक्रम ठेवून कुटुंबाच्या आड येऊ नये. दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही बुधवारी बसलात म्हणून काही बिघडत नाही. २०१९ पासून रविवारची सभा तीन तासांवरून दोन तासांवर आणली गेली, तीही घरच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणूनच.

धरून ठेवायचेच असेल तर रात्रीची दहा मिनिटे धरा. मखर पाहून उशिरा परतलात तर एकच वचन वाचा आणि प्रार्थना करून दिवा मालवा. मुलांना लांबी कळत नाही. रोज होते की नाही, एवढेच कळते.

बाप्तिस्म्याबाबत एक सूचना. शाखाध्यक्ष, म्हणजे स्थानिक मंडळीचे प्रमुख, मुलीशी आधी बोलतील, तेव्हा ती तुमची पाठ केलेली वाक्ये म्हणाली तर त्यांना लगेच कळेल. तिच्याशी बोलण्यासाठी बैठक मांडू नका. ऑक्टोबरच्या उन्हात पावसाळ्यातल्या गोधड्या, कपडे आणि डब्यांतली कडधान्ये वाळत घालायची असतातच. त्या गच्चीवर तिला एकटीलाच बरोबर न्या आणि धाकट्या दोघांना वडिलांच्या हवाली करा. हात कामात असले की मुले खरे प्रश्न विचारतात. माझ्या थोरल्याने अशाच वेळी विचारले होते, ‘पाण्यात बुडवताना नाकात पाणी गेले तर पाप धुतले जाते की नाही?’ त्याची सारी भीती नाकापुरतीच होती. मी तोवर त्याला पश्चात्तापाचा अर्थ समजावीत होते!

उत्तर २ : डिचोलीची सून

मी तुमच्या पंथातली नाही. आमच्या घरी चवथीला पाच दिवसांचा गणपती असतो. तरीही लिहिते, कारण माझी सासू वैष्णव आणि माझे माहेर मासे खाणारे, त्यामुळे दोन पद्धतींचे घर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

तुम्ही चहाचा उल्लेख केला नाही याचे नवल वाटले. तुमच्याकडे चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे, हे माझ्या शेजारच्या मॉर्मन कुटुंबामुळे मला माहीत आहे. दिवाळीत फराळाला आलेल्या माणसासमोर सगळ्यांत आधी काय येते? त्या शेजारणीच्या चार वर्षांच्या मुलाने आमच्या आत्याबाईंना भर ओसरीवर सांगितले होते की चहा पिणारी माणसे वाईट असतात. आत्याबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दिवसातून पाच वेळा चहा घेतात. पूजेला न बसलेली सून त्या विसरल्या, पण ते वाक्य अजून विसरलेल्या नाहीत. म्हणून आधी साडेचार वर्षांच्या चिरंजीवांना ‘आपण घेत नाही’ आणि ‘तुम्ही घेऊ नका’ यांतला फरक शिकवा. माझी शेजारीण आता परसातली गवती चहाची पाती, आले आणि गूळ उकळून तयार ठेवते. तिच्या सांगण्यानुसार, नावात चहा असला तरी ते चहाचे झाड नव्हे, म्हणून तिला ते चालते. कप सगळ्यांच्या हातात असतो आणि कोणी कोणाच्या कपात डोकावत नाही.

तुमच्या सासूबाईंना काय सलत असेल, याचा माझा अंदाज असा की नातवंडे आरतीला उभी राहत नाहीत यापेक्षा दिवाळीच्या पहाटे फोव, म्हणजे पोह्यांचे प्रकार, करायला कोणी हाताशी नसते, हे त्यांना अधिक लागत असेल. दुधातले, ताकातले, रोसातले, बटाट्याचे आणि कालयिल्ले, म्हणजे कालवलेले, असे पाच प्रकार एकट्या बाईने करायचे म्हणजे थट्टा नव्हे. तुमच्या मुलीला नारळाचा रोस काढायला बसवा. मधल्याला गूळ चिरायला नका देऊ, तो खाऊनच संपवील, पण पोहे निवडू द्या. आकाशकंदील, तोरण, अंगणातली रांगोळी, यांत कोणाचाही धर्म बुडत नाही. पूजेच्या वेळी मुले कुठे असतील, हे मात्र सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, कारण ऐन वेळी मुलाला हात धरून मागे खेचणे हे पाहुण्यांदेखत फार वाईट दिसते.

एक गोष्ट थोडी नाजूक आहे. तुमचे लोक पूर्वजांची नावे शोधून आपल्या मंदिरात त्यांच्यासाठी विधी करतात, असे ऐकले आहे. म्हाळाच्या दिवसांत आजी पितरांची नावे घेत असते. ती नावे तिला न विचारता कुठे पाठवू नका.

उत्तर ३ : म्हापशाची माजी शिक्षिका

मी कॅथलिक आहे आणि तीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. चवथीला शेजारून नेवऱ्या येतात आणि नाताळाला आमचा कुसवार, म्हणजे नाताळाचा फराळ, त्यांच्याकडे जातो; कोणाच्या घरात कोणती पूजा झाली याची चौकशी त्या ताटाबरोबर होत नाही. तुम्हांला एकच व्यावहारिक गोष्ट सांगते. नरकासुराची रात्र लहान मुलांना जागवण्यासारखी नसते. आवाजाने त्यांची झोप उडते आणि पुढचे तीन दिवस वर्गात डोळे मिटतात. संध्याकाळी पुतळा उभारताना दाखवा, मग झोपवा आणि पहाटे दहन पाहायला उठवा. दिवाळीची पहाट रविवारी आलीच, तर फोव खाऊन सभेला पोहोचण्याइतका वेळ सहज मिळतो. आणि नाताळात कोणी सान्ना, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वड्या, दिल्या तर त्या माडाच्या सुरेने फुगवल्या की यीस्टने, ते विचारून घ्या. राग कोणी मानत नाही.

उत्तर ४ : वाचक, पणजी

सात आणि साडेचार वर्षांच्या मुलांना चहा नाही, उपवास आहे, रोज वाचन आहे, आठव्या वर्षी बाप्तिस्मा आहे. हे ओझे जरा जास्त नाही का? स्पष्ट विचारतो, क्षमस्व.

प्रश्नकर्तीचे उत्तर : तिघांची आई, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पणजीच्या वाचकांना आधी उत्तर देते. उपवास मुलांवर नाही. महिन्यातल्या एका रविवारी, बहुधा पहिल्याच, मोठ्यांनी लागोपाठ दोन जेवणे सोडायची आणि त्यांचा वाचलेला खर्च गरजूंसाठी द्यायचा, अशी ती रीत आहे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही सूट असते, त्यामुळे गेले दीड वर्ष मी स्वतःच जेवते आहे. गंमत म्हणजे आमच्या सगळ्या नियमांपैकी सासूबाईंना हा एकच मनापासून पटतो, कारण त्यात पाणीही घेत नाहीत. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासाबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही. ओझ्याचे म्हणाल, तर तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मीही स्वतःला विचारते. मुलीने यंदा नको म्हटले तर आम्ही थांबू, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

डिचोलीच्या ताई, चहाचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता, कारण आमच्याकडेही तसेच एक वाक्य ओसरीवर उच्चारले गेले आहे. तुमच्या शेजारणीचा मुलगा एकटा नाही. गवती चहा परसात आहेच, उद्यापासून पाती तोडते.

तुमचे नावांविषयीचे म्हणणे वाचून मी त्याच संध्याकाळी सासूबाईंशी बोलले. आमच्याकडे नियम असा आहे की गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या व्यक्तीसाठी विधी करायचा तर सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. पण त्यांना मी सांगितले की त्याहून जुनी नावेसुद्धा त्यांच्या होकाराशिवाय कुठेही जाणार नाहीत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पाठवू नकोस. पण लिहून ठेव, माझ्यामागे कोणाला सांगता येणार नाहीत.’

म्हणून कालच्या सोमवारी आमची कौटुंबिक संध्याकाळ देवघराबाहेरच्या सोप्यावर झाली. गीत म्हणून झाले, गोड म्हणून चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या होत्या आणि गोष्टीच्या जागी आजी बसली. मुलगी वहीत लिहीत होती. सासऱ्यांच्या बाजूचे पुरुष सात पिढ्यांपर्यंत भराभर सांगून झाले. मग मुलीने विचारले, ‘आणि तुझ्या बाजूच्या बायका?’ तिसऱ्या पिढीतच आजी अडली. लग्नात नाव बदललेले, त्यामुळे तिच्या स्वतःच्या आजीचे सासरचे नाव तिला ठाऊक आहे, माहेरचे नाही. मुलीने त्या जागी एक रिकामी रेघ ओढून ठेवली आहे. आजीने सावईवेऱ्याला राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन लावला. तिलाही आठवेना, पण पुढच्या सोमवारपर्यंत मावसभावाला विचारून कळवते म्हणाली.